आठवीच्या मुलींचे प्रयोग

मी याद्या करते. बाजाराच्या, गृहपाठाच्या, प्रवासात लागणाऱ्या औषधांच्या. वर्गातल्या मुली हसतात, पण माझ्या सहलीत आजवर कोणाचा डबाही मागे राहिलेला नाही. तरीही त्या रविवारी जे झालं त्याला माझी यादीच जबाबदार होती, हे आधीच सांगून टाकते.

अमळनेरहून एसटीने अर्ध्या तासावर माझी शाळा. तिथे मी विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी दर शनिवारी आठवीच्या मुलींकडून हाताने काहीतरी बनवून घ्यायचं ठरवलं. वर्गात मुलगे वायरी धरतात आणि मुली वहीत आकृती काढतात, हे पाहून मी कंटाळले होते. सामान गावातलंच: जळालेल्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार, फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक, टॉर्चचे सेल, सेफ्टी पिना. एवढ्यावर एका मुलीने चिमुकली मोटार बनवली. दोन पिनांवर टेकवलेलं तारेचं वेटोळं, खाली चुंबक. टिचकी मारली की वेटोळं भिरभिरायचं. तीन वेळा मोडून चौथ्यांदा तिने ती एकटीने जमवली.

जळगावला मेहरूण तलावाजवळ मुलींसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं. मी तिचं नाव पाठवलं. फॉर्मवर घरातल्या मोठ्यांची सही हवी होती आणि तो सोमवारी पाठवायचा होता. तिचे वडील सुरतेला कामाला, त्यामुळे घरात शब्द आजोबांचा. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आबांनी फॉर्म वाचला, ‘पाल्यास प्रयोग करण्यास माझी हरकत नाही’ या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद मला परत दिला.

“बाई, आमना घरनी पोर परयोग करत नही.”

मला वाटलं, यांना विजेची भीती वाटते. डोळ्यांनी पाहिलं तर पटेल. म्हणून रविवारी पालकांना बोलवायचं ठरवलं आणि फळ्यावर सूचना लिहिली. फळा लहान, म्हणून ‘विज्ञानाचे’ हा शब्द गाळला. ‘रविवारी सायंकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात आठवीच्या मुलींचे प्रयोग. सर्वांनी यावे.’ कोणीतरी फळ्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला.

रविवारी साडेचारला पोचले तर पटांगणात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्यावर सतरंजी, पुढे निळ्या ताडपत्रीचा पडदा. बायका गोणपाटं अंथरून जागा धरत होत्या. शेजारच्या गावाहून एक पेटीवाला आला होता. गावचे माजी सरपंच, म्हणजे नाना, माईकमध्ये फुंकर घालत होते.

“मॅडम, नांदी कोण म्हणणार?” त्यांनी विचारलं.

“कसली नांदी?”

“बरं, नांदी नको. सामाजिक आहे की ऐतिहासिक?”

“नाना, हे विज्ञानाचे प्रयोग आहेत.”

“म्हणजे सामाजिक,” असं म्हणून नानांनी ते माईकवर जाहीरही केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांना विजेची भीती नव्हतीच. नात जळगावला तीन दिवस नाटकात काम करायला चालली आहे, असं ते धरून बसले होते. आताही ते पहिल्या रांगेत होते आणि ती ट्रॉलीवर चढू नये म्हणून त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं होतं. मी धावत गेले.

“आबा, हे नाटक नाही.”

“मंग परदा कसाले?”

मी पडद्यामागे जाऊन सामानाचं टेबल मांडलं.

तिची मोटार तिच्या मैत्रिणीने दाखवायचं ठरलं. नारळ फुटला, पेटी वाजली, पडदा सरकला. सरकताना तो टेबलावरून गेला आणि मोटार बरोबर घेऊन गेला. वेटोळं खाली पडलं आणि त्याच्यावर पडदा ओढणाऱ्याचा पाय पडला. लोकांना दिसली ती चपटी तार हातात धरून उभी असलेली मैत्रीण. जोरदार टाळ्या पडल्या.

“मॅडम,” ती माईकमधूनच म्हणाली, “मला वेटोळं येत नाही. ते तिलाच येतं.”

“सेलवर गुंडाळ, दहा वेढे,” खालून गोणपाटावरून नात ओरडली.

आबांनी मान वळवली.

“मी आठेच बठेल शे, आबा,” ती जागेवरूनच म्हणाली.

“ही प्रॉम्प्टर आहे,” नानांनी माईकवर खुलासा केला.

मैत्रिणीचे वेढे सुटत राहिले. लोक हसायला लागले. शेवटी पेटीवाल्यालाच राहवलं नाही. त्याने टेबल उचललं आणि खाली आणून नातीच्या पुढ्यात ठेवलं. ती काही ट्रॉलीवर चढली नव्हती, त्यामुळे आबांना बोलायला जागा उरली नाही. तिने गुडघ्यांवर बसून दहा वेढे घातले आणि माझ्याकडे हात पुढे केला. तारेवरचं वार्निश खरवडायला ब्लेड हवं होतं.

मी यादी काढली. सातव्या क्रमांकावर ‘ब्लेड १’, पुढे बरोबरची खूण. ब्लेड शाळेच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई भडगावला लग्नात. वस्तू हातात न घेता मी खूण केली होती.

नातीने तोच हात आबांकडे वळवला. “आबा, अडकित्ता.”

आबांनी चंचीतून अडकित्ता काढला, पण तिला दिला नाही. बोट कापेल म्हणून तारच आपल्या हातात घेतली. वार्निश काय असतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळते.

“हाई टोक पुरं, दुसरं अर्धच,” नात म्हणाली. “एकाच बाजूनं.”

“अर्धच कसाले?”

“पुरं खरडं ते फिरत नही.”

“कोन म्हनस?”

“करी देखा.”

आबांनी मुद्दाम दोन्ही टोकं पुरती खरवडली. तिने वेटोळं पिनांवर ठेवून टिचकी मारली. ते थरथरलं, डुललं आणि थांबलं. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. पेटीवाला एक सूर धरून बसला होता, त्याने तो सोडला. नव्या तारेचे दहा वेढे घालून तिने त्यांच्या हातात दिले. आता आबांनी चष्मा कपाळावर चढवला, एक टोक पुरतं खरवडलं आणि दुसरं नखाने चाचपत अर्धंच. टिचकी. वेटोळं असं भिरभिरलं की दिसेनासं झालं.

“आखो एक डाव!” मागून कोणीतरी ओरडलं. मग पटांगणच ओरडायला लागलं. प्रयोग पुन्हा केला तरी तेच उत्तर यायला हवं, हे मी इतकी वर्षं शिकवत आले, पण ‘पुन्हा करा’ असं मला कोणी म्हटलं नव्हतं. सहा वेळा झालं. सहाही वेळा फिरलं.

“आजच्या प्रयोगाचे नायक, आपले आबा!” नाना म्हणाले.

आबा दचकले. “मी?”

“तुम्हीच ना, आबा,” नात म्हणाली. “एक नही, दोन परयोग.”

आबा वेटोळ्याकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात तिला विचारलं, “मन्ही इहीरवरनी मोटारमा बी हाईच शे का?”

“नही, तठे येगळं शे.”

“काय येगळं?”

“ते माले माहीत नही. तेच शिकाले जळगावले जानं शे.”

मी फॉर्म पुढे केला. तो मात्र मी निघताना हातात घेऊन तपासला होता. आबा त्याच ओळीवर थांबले. एकदा नाही म्हटलेलं गावादेखत मागे घेणं त्यांना जड गेलं असणार. त्यांनी ‘प्रयोग’ हा शब्द खोडला, वर ‘मोटार’ लिहिलं आणि सही केली.

“आते ठीक शे.”

मंगळवारी शिबिरवाल्यांचा फोन आला. “मॅडम, तुमच्या मुलीच्या फॉर्मवर ‘पाल्यास मोटार करण्यास हरकत नाही’ असं लिहिलंय. आमच्याकडून गाडीची सोय नसते.”

“एसटीने येईल,” मी सांगितलं.

शुक्रवारी सकाळच्या बसला तिला सोडायला आबा आले होते. मी तिला सामानाची यादी दिली होती आणि बजावलं होतं की वस्तू हातात घेतल्याशिवाय खूण करायची नाही. यादीत शेवटी वेगळ्या अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘अडकित्ता १’. बस लागली तेव्हा आबांनी तिची पिशवी उघडली, आत हात घालून चाचपलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.