सहा रूपांचा पाढा

कोराडीच्या वीज केंद्रात फायली सांभाळणाऱ्या गिरिधरला स्पेनला जायचं होतं. इतक्यात हसू नका, त्याला हसणारे पुढे भरपूर भेटणार आहेत. १९७८ साली धरमपेठेत कृष्णकांत सर संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग घेत. तोंडी परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला वर्षभर तिकडे शिकायला पाठवणार, असं ठरलं होतं. जागा एकच. गिरिधर कॉलरवरची केंद्रातल्या कोळशाची राख झटकत बसनं यायचा.

सरांनी स्पॅनिश माणूस फक्त फोटोत पाहिलेला. त्यांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक, पाढ्यांची. टेबलावर फूटपट्टी आपटत ते क्रियापदांची रूपं म्हणवून घेत. जवळ असणं या अर्थाचं क्रियापद तर भलतंच वाकडं. ‘माझ्याजवळ असतं तर’ असं म्हणायचं झालं, की त्याची ओळखच पटत नाही. तुविएरा, तुविएरास, तुविएरा, तुविएरामोस, तुविएराइस, तुविएरान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. वर्गात एकट्या गिरिधरला हे न अडखळता यायचं. सर त्याला रोज उभं करत आणि तो रोज फुलून जाई.

परीक्षा घ्यायला स्पेनचे एक म्हातारे फादर आले. त्यांनी साधंच विचारलं, तुम्हा नवराबायकोजवळ मोटार असती तर कुठं गेला असता? उत्तराला ‘आम्ही’चं रूप हवं होतं, म्हणजे चौथं. गिरिधरला चौथं सुटं येतच नव्हतं. सात आठे किती असं विचारल्यावर मूल सात एके सातपासून निघतं, तसा तो ओठातल्या ओठात पहिल्यापासून निघाला. फादर थांबले. तो तिसऱ्यावर पोचतो न पोचतो तोच त्यांनी पुन्हा विचारलं. गिरिधर पुन्हा पहिल्यापासून.

"फादर, हा पाढे म्हणतोय," सर हसत म्हणाले. "किती वेळा सांगितलं याला, असं घोकू नकोस म्हणून."

फूटपट्टी तिथंच टेबलावर पडली होती. अख्खा वर्ग खदखदून हसला. जागा दुसऱ्याला गेली.

पुढच्या जूनमध्ये सरांचं पोस्टकार्ड आलं, नव्या वर्गासमोर एकदा येऊन जा. गिरिधरला वाटलं, सत्कार असेल. त्याच्या बायकोनं, जयवंतानं, शर्टाला कडक इस्त्री करून दिली. सरांनी त्याला उभं केलं, सहाही रूपं म्हणायला लावली आणि पोरांना सांगितलं, "भाषा कशी शिकू नये, ते नीट बघून घ्या." हलकटपणा याहून वेगळा काय असतो?

तरी तो दर जूनला जात राहिला. सात वर्षं. शेवटी जयवंताला राहवलं नाही.

"ते लोक तुमची फजिती करून राहिले. काहून जाता जी?"

गिरिधर शर्टाची बटणं लावत होता.

"तिथं मले कोणी मधून विचारत नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून म्हणू देतात."