डाव्या खांद्याची बंदूक

आर्डिस ट्वेटने दक्षिण डकोटातल्या आपल्या गावात उभी हयात शाळेची बस चालवली. गावातली निम्मी माणसं लहानपणी तिच्या बसमधून गेलेली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तिने मागच्या बाकावरून उचलून आपल्या शेजारी आणून बसवलेलं. त्यामुळे मोठी झाल्यावरही ती माणसं तिच्याशी जरा जपूनच बोलत. पण तिची नात सिग्नी बारा वर्षांची झाली आणि यंदा मुलांसाठी राखलेल्या शिकारीच्या दिवशी फेझंट, म्हणजे लांब शेपटीची रानकोंबड्यांसारखी पाखरं, मारायला जाणार असं गावात कळलं, तेव्हा ही भीड कुठल्या कुठे गेली. पोरीला कुठली बंदूक घ्यावी हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पोस्टातल्या बाईलासुद्धा.

सगळ्यात मोठा आवाज सिग्नीच्या बापाचा, म्हणजे आर्डिसच्याच मुलाचा, कर्टिसचा.

"आई, उगाच कशाला शोधाशोध? माझी बारा बोअरची बंदूक आहे ना घरात. दस्ता थोडा कापू, झालं काम. मी नाही का त्याच बंदुकीवर शिकलो?"

"शिकलास?" आर्डिस म्हणाली. "मागच्या मोसमात तुझे चुकलेले नेम बघून आपली कुत्रीसुद्धा सुस्कारे टाकत होती."

सिग्नी फिदीफिदी हसली. 

बारा बोअरचं नाव काढलं की आर्डिसचा उजवा खांदा अजून दुखायचा. ती तीन भावांच्या पाठीवरची. दहा वर्षांची असताना वडिलांनी थोरल्या भावाची लांबलचक बारा बोअर तिच्या हातात दिली होती. पहिला बार काढताच ती मागच्या मागे गवतात बसली. भाऊ पोट धरधरून हसले, म्हणून ती रडली नाही. खांदा आठवडाभर काळानिळा होता, तो तिने आईलाही दाखवला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ती शिकारीला जायची, चाप ओढायची आणि ओढताना डोळे मिटायची. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते लग्नानंतर, तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या. त्याने एकदा तिच्या नकळत बंदुकीत रिकामं काडतूस घातलं. चाप ओढला, बार काही झाला नाही, पण नळी मात्र धक्का बसल्यासारखी खाली झुकली आणि आर्डिसचे डोळे घट्ट मिटलेले. ती ओशाळली. व्हर्लिन हसला नाही. "तू बंदुकीला भितेस, आणि त्यात तुझी काही चूक नाही," एवढंच म्हणाला, आणि तिच्या मापाची हलक्या धक्क्याची बंदूक घेऊन आला. सव्विसाव्या वर्षी आर्डिस पहिल्यापासून शिकली. पुढे नवऱ्यापेक्षा जास्त पाखरं पाडू लागली, आणि तो जाईपर्यंत ही गोष्ट त्याला रोज ऐकवत राहिली.

म्हणून शनिवारी सकाळी तिने सिग्नीला गाडीत घातलं आणि ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात नेलं. कर्टिस न बोलावता मागे बसला.

ड्वेनने आधी मुलींची म्हणून खास ठेवलेली बंदूक काढली. तिचा दस्ता गुलाबी होता.

सिग्नीने ती वरखाली बघितली. "आजी, फेझंटला गुलाबी आवडतं का?"

"विचारून बघ. लांबून ओरडून विचार, म्हणजे उडून जाईल."

ड्वेनने ती मुकाट्याने जागेवर ठेवली आणि एकनळी फोर-टेन, सगळ्यात बारीक नळीची बंदूक, काढली. काडीसारखी हलकी. कर्टिसला ती लगेच आवडली.

"हलकी म्हणूनच नको," ड्वेन म्हणाला. "बंदूक हलकी तेवढा धक्का थेट पोरीला. आणि काडतुसात छरे मूठभरसुद्धा नाहीत. ही शिकलेल्याच्या हातातली वस्तू आहे, आर्डिसबाई. पोरीला वीस बोअर द्या, बारापेक्षा बारीक नळीची. जरा वजनदार, आखूड दस्त्याची."

"मग आधी तीच काढायची होती ना, गुलाबी कशाला काढलीस?" आर्डिस म्हणाली.

वीस बोअरच्या तीन बंदुका झाल्या. सिग्नी प्रत्येक खांद्याला लावी आणि प्रत्येक वेळी तिची मान दस्त्यावरून पलीकडे कलंडे, जणू कुणाच्या खांद्यावरून डोकावते आहे. कर्टिस म्हणे, मान सरळ ठेव. ती सरळ ठेवी, पुन्हा कलंडे. तिचा चेहरा उतरायला लागला.

आर्डिस थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बंदूक ठेव खाली. दोन्ही हात पुढे कर, पंजांमध्ये एवढीशी फट ठेव आणि त्यातून ते भिंतीवरचं घड्याळ बघ. दिसतंय? आता डावा डोळा मीट."

"घड्याळ गेलं," सिग्नी म्हणाली.

"उजवा मीट."

"आलं."

"पोरगी डाव्या डोळ्याची आहे, नेम त्याच डोळ्याने धरते," आर्डिसने ड्वेनला सांगितलं. "बंदूक डाव्या खांद्याला लागणार."

"अगं, पण ती उजव्या हाताने लिहिते," कर्टिस म्हणाला.

"फेझंटला पत्र लिहायचंय का?"

ड्वेनने हसू दाबलं. कर्टिसने पाठ फिरवली. जरा वेळाने सिग्नीने आजीला कोपराने ढोसलं. काडतुसांच्या कपाटाआड बाबा हात पुढे करून घड्याळ बघत होता. एक डोळा मिटला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"काय रे, घड्याळ गेलं का?" आर्डिसने विचारलं.

"तीस वर्षं," कर्टिस हळूच म्हणाला. "तीस वर्षं मी चुकीच्या खांद्यावरून मारतोय." आणि मग त्यालाच इतकं हसू फुटलं की त्याला काउंटरला टेकावं लागलं. ड्वेनही हसला, आर्डिसने डोळे पुसले.

डाव्या खांद्यावर स्वयंचलित बंदूक नको, बार झाला की रिकामं काडतूस तोंडासमोरून उडतं. ड्वेन आत गेला आणि वर-खाली दोन नळ्यांची एक जुनी बंदूक घेऊन आला. कुणा ठेंगण्या बाईने वापरलेली, दस्ता आखूड, लाकडावर ओरखडे, चाप अडवणारी सेफ्टी मधोमध, दोन्ही हातांना सारखी. सिग्नीने डोळे मिटून ती खांद्याला लावली आणि डोळे उघडले. मान हलली नाही. गाल दस्त्यावर जसा काही झोपायलाच गेला होता.

"ही," ती म्हणाली.

पुढचे सगळे रविवार त्या दोघी नेमबाजीच्या क्लबच्या माळावर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडत होत्या. सुरुवातीला तबकड्या शाबूत खाली पडत आणि सिग्नी आजीकडे बघे. आर्डिस म्हणे, "अजून पुढे धर. तबकडी थांबून राहणार नाही तुझ्यासाठी." एकदा तिने व्हर्लिनसारखंच गुपचूप रिकामं काडतूस घातलं. सिग्नीने चाप ओढला. नळी जिथल्या तिथे राहिली, डोळे टक्क उघडे. "आजी, हे फुसकं निघालं," ती म्हणाली.  आर्डिसने पोरीच्या टोपीचा शेंडा खाली ओढला आणि पुढची तबकडी सोडली.

मुलांच्या त्या दिवशी मोठ्यांच्या हातात बंदूक नसते. कर्टिसने कुत्रीला मक्याच्या कडेच्या उंच गवतात सोडलं, आर्डिस सिग्नीच्या उजव्या अंगाने चालली. पहिलं पाखरू सिग्नीच्या पायातूनच फडफडत उठलं. बंदूक खांद्याला गेली, नळी पाखराबरोबर फिरली, आणि सिग्नीने ती खाली घेतली.

"अगं, का नाही मारलंस?" कर्टिस ओरडला.

"मादी होती, बाबा. मादी मारायची नसते."

आर्डिसने वळून मुलाकडे बघितलं. तो खजील होऊन कुत्रीला हाका मारू लागला.

ओढ्याजवळ नर उठला, लांब शेपटी मागे सोडत, आरडाओरडा करत. पहिला बार मागे गेला. सिग्नीने नळी थोडी पुढे नेली आणि दुसरा सोडला. पाखरू आभाळातच दुमडलं आणि कापलेल्या मक्यात पडलं. कुत्रीने ते आणून कर्टिसला दिलं नाही, नेमकं सिग्नीच्या पायाशी ठेवलं. तिने आधी बंदूक उघडली, काडतुसं काढली, आणि मगच वाकून त्या तांबूस गरम पिसांवर हात ठेवला. 

"वाईट वाटतंय?" आर्डिसने विचारलं.

"थोडं," सिग्नी म्हणाली. "पण खूप छान पण वाटतंय. असं चालतं का?"

"चालतं. मला अजून दोन्ही वाटतं."

त्या संध्याकाळी आर्डिसने फेझंट साय आणि अळंब्यांत शिजवला. सिग्नीने जेवताना सापडलेला प्रत्येक छरा बशीच्या कडेला मांडून ठेवला, आणि कर्टिसने तिसऱ्यांदा वाढून घेताना जाहीर केलं की उद्यापासून रोज सकाळी तो अंगणात डाव्या खांद्याचा सराव करणार आहे.

"शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव," आर्डिस म्हणाली, आणि तिने रस्सा त्याच्याकडे सरकवला.