विकत घेतलेली टगबोट

अब्दुल्लाचाचा रागीट आहेत असं सगळी बिल्डिंग म्हणते. म्हणू दे! ज्या माणसाने उभी हयात बंदरातल्या टगबोटीवर सुकाणू धरणारा सारंग म्हणून काढली, डोंगराएवढी जहाजं ढकलून अलगद धक्क्याला लावली, त्याचा उजवा हात एका झटक्यात लुळा पडावा आणि त्याने तुर्भ्याच्या फ्लॅटमध्ये बसून खालच्या ट्रकांची रांग बघावी? कुणाचंही डोकं फिरेल.

जासईच्या कंटेनर यार्डात कामाला असलेल्या त्यांच्या मुलाने, फहादने, टॅबलेटवर एक गेम विकत घेऊन दिला. टगबोटीचाच! एका बोटाने चालणारा. डाव्या हाताचं एक बोट फिरवायचं, बोट तशी वळायची. म्हातारा त्यात असा रमला की जेवणाची शुद्ध नाही. वारा बघायचा, भरती बघायची, आणि जहाज धक्क्याला टेकलं की स्वयंपाकघरात सुनेला हाक जायची, "अफिफा, लावला गो!"

"माशाल्ला, अब्बा!" तिकडून आवाज यायचा. घरात हसू परत आलं होतं.

मग ईद आली. ईदच्या आधी अफिफाच्या तावडीतून काही सुटत नाही. पडदे धुतले, पंखे पुसले, गाद्यांच्या खोळी बदलल्या, आणि शेवटी हातात आला टॅबलेट. काच पुसताना तिला दिसलं, अपडेट कधीचे तुंबलेत. ईदला घरात जुनं काही ठेवायचं नाही, म्हणून पोरीने भाबडेपणाने 'सगळे अपडेट करा' दाबून टाकलं. गेम बदलू नये म्हणून फहादने ते मुद्दाम बंद ठेवलेत हे तिला कुणी सांगितलं होतं?

नमाजाहून येऊन, शीरखुर्मा खाऊन चाचांनी गेम उघडला. आता दोन अंगठे लागत होते. डाव्याने दिशा, उजव्याने वेग, आणि मध्येच दागिन्यांची जाहिरात! चाचांची बोट सरळ धक्क्यावर आदळली. परत आदळली.

"हा कुठला? माझा कुठं हाय?"

फहादने सेटिंग धुंडाळल्या, कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: जुनी आवृत्ती आता मिळणार नाही, नव्याचा आनंद घ्या.

"पन आपन विकत घेतलेला ना?"

"ते म्हणतात, आपण फक्त वापरायची परवानगी घेतली होती, अब्बा."

"परवानगी? माझ्या घरात शिरून माझी बोट नेली, नि वर मलाच सांगतात मजा करा?"

चोर तो चोर, वर शिरजोर! विकलेली कढई दुकानदार कधी चुलीवरून उचलून नेतो का? पण यांना विचारणार कोण? आणि विचारलं तरी उत्तर मशीनच देणार.

अफिफा रडायला लागली. "माझ्यामुळं झालं."

"तुझ्यावर राग नाय गो. साफसफाई करनं गुन्हा हाय काय?" चाचा म्हणाले, पण टॅबलेट पालथा घातला तो घातलाच. हाक बंद झाली.

शेवटी अफिफाच त्यांच्या शेजारी येऊन बसली. "उजवं मी दाबते, अब्बा. तुम्ही फक्त सांगा."

चाचांनी खूप आढेवेढे घेतले, मग डावा अंगठा काचेवर ठेवला. "धीमा... आजून धीमा... सोड आता!"

जहाज धक्क्याला अलगद टेकलं. अफिफाने टाळीच वाजवली. "लावला, अब्बा! लावला!"

चाचा आपल्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"लागला," ते म्हणाले. "पन मी नाय लावला."