आरतीची वायर

भिंतीतून धूर निघत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत आरती म्हणत होतो. गणपतीसमोर धूप, कापूर, उदबत्त्या. त्यात एक धूर जास्तीचा आहे हे कुणाला कळणार? मला जळक्या प्लास्टिकचा वास आला. वळून बघते तर आतल्या खोलीचा पडदा पेटलेला. आत पलंगावर हे होते. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ह्यांना उठता येत नव्हतं.

मी मेन स्विच बंद केला. मुलाने पडदा ओढून पायाखाली विझवला. मग ह्यांना चादरीसकट उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. खोकत खोकत हे म्हणाले, "थांबलात का? आरती पुरी करा." आम्ही केली, अंधारात.

कारण लगेच सापडलं. ह्यांना पडल्या पडल्या आरती ऐकू यावी म्हणून मुलाने आत स्पीकर लावला होता. वायर आणली ती मंडळाच्या रोषणाईतली उरलेली, केसासारखी बारीक. पाइप न घालता तशीच भिंतीत लिंपली. पुढे मखराच्या तोरणासाठी खिळाही त्यानेच ठोकला, नेमका तिच्यावर. तारा एकमेकींना चिकटल्या, तापल्या आणि पेटत पडद्यापर्यंत गेल्या.

मुलगा म्हणाला, आता विसर्जनानंतर बघू. हे ऐकेनात. उद्याची आरती ह्यांना पलंगावरूनच ऐकायची होती.

सकाळी मी मुलाबरोबर डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात गेले. कुठल्या वायरीत आवाज चांगला येतो ते तो विचारत बसला. मी म्हटलं, "आवाज नंतर. आधी जाळून दाखवा."

दुकानदार हसला, पण तुकडे काढून त्याने काडी लावली. एक तुकडा काडी बाजूला केल्यावरही जळत राहिला, थेंब गळायला लागले. दुसरा लगेच विझला. तीच वायर घेतली, आतून पूर्ण तांब्याची आणि चांगली जाड. भिंतीत घालायची म्हणून दुकानदाराने पाइपही दिला आणि लाइटच्या वायरीपासून तो लांब ठेवायला सांगितलं. गणपती जागचा हलवायचा नव्हता, म्हणून पलीकडची भिंत फोडली. घरभर सिमेंट. मोदक मी झाकून ठेवले.

संध्याकाळी स्पीकर खणखणीत वाजला. आतून हे आमच्या एक कडवं पुढे म्हणत होते, तेही बेसूर. मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा आवाज कमी करायचं बटण कुठंय?" हसता हसता माझ्या हातातली घंटा थांबली.

पडदा पेटला तेव्हा त्या खोलीत हे एकटेच होते. हे अजून आहेत.