धावड्याची फांदी

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. बायकोला वाचून दाखवायचो आणि प्रत्येकाला मनातल्या मनात कारण चिकटवायचो — वारा, ताप, नाहीतर दारू. आमचं घर बौद्ध, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. रोज बुद्धवंदना व्हायची, पण अंगारे-धुपारे, अंगात येणं, झाडावरची बाई, यांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. "कारण शोधा," हे बाबांचं पालुपद. तेच इतकी वर्षं शोधून राहिलोय, आणि आता हात टेकून इथं लिहितोय. हसायचं असेल तर खुशाल हसा, माझी हरकत नाही.

साल चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी, नोव्हेंबर महिना. मध्य प्रदेशातल्या रामाकोना स्टेशनच्या वरच्या डोंगरपठारावर एका लहानशा गावात बाबांची बदली झाली होती. गावातून खाली स्टेशनला यायला एकच कच्ची वाट. चार किलोमीटरचा उतार, सैल मुरूम, मुठीएवढे गोटे आणि तीन वळणं. मधलं वळण वाईट... उजवीकडे सरळ तीस-चाळीस फूट खोल नाला, खाली नुसते धोंडे.

मी अठरा वर्षांचा, आणि त्या उताराचं मला वेड लागलं होतं. गिअर नाही, हेल्मेट नाही, बाबांची काळी जड सायकल. पण उताराला लागलो की कानात वारा घुसायचा आणि खाली पोचल्यावर मी एकटाच हसत बसायचो. आजकाल लोक यासाठी लाखाची सायकल घेतात म्हणे.

शहाणी माणसं मात्र तिथून असं उतरत नसत. लाकडं, सीताफळं घेऊन जाणारे सगळे कॅरिअरला एक हिरवी फांदी बांधून ती मागं घसटत न्यायचे. फांदी मुरमात रुतते आणि सायकल आवरते. खाली मोहाच्या झाडापाशी पोचलं की गाठ सोडायची, फांदी तिथंच टाकायची. खाली गेलेली फांदी पुन्हा वर आणायची नाही, हा तिथला रिवाज. उताराच्या तोंडाशी मंगलूबाबा शेळ्या राखत बसायचे. शेळ्यांसाठी धावडा तोडायचेच, त्यातली एक फांदी येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधून द्यायचे. त्यांची गाठ डावखुरी, आणि पक्की. मी त्यांच्याकडून फांदी कधीच घेतली नाही. ते म्हाताऱ्यांचं काम, असं मला वाटायचं.

तर त्या दिवशी माझ्या शकूताईचा सौंसरला इंटरव्ह्यू होता, शिक्षिकेच्या नोकरीचा. त्याआधीचे दोन हुकले होते. हाही हुकला तर उन्हाळ्यात लग्न, असं बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगाही बघून ठेवला होता. ताई दोन दिवस धड जेवली नव्हती. बाजाराच्या ट्रकनं जायचं ठरलं होतं, आणि नेमका ट्रक आलाच नाही. साडेदहाची छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज, रामाकोन्याहून सुटायची. ट्रकची वाट बघण्यातच पावणेदहा वाजले.

मी म्हटलं, "बस मागं. अर्ध्या तासात स्टेशन दाखवतो."

आता माझा शहाणपणा ऐका. ब्रेकचे रबर झिजले होते. नवे आणायला खाली जावं लागलं असतं, म्हणून मी आदल्या रात्री ताईच्याच जुन्या स्लीपरचा तळवा कापून चारही ठिकाणी ठोकून बसवला होता. अंगणात चालवून पाहिलं, झकास लागत होते. अंगण सपाट होतं, हे डोक्यात आलं नाही.

उताराच्या तोंडाशी मंगलूबाबा उभे राहिले. हातात ताजी तोडलेली धावड्याची फांदी, पानं अजून ओली.

"थांब मास्तरच्या पोरा. मागं बाई बसली हाय, फांदी बांधून घे."

"टाइम नाही बाबा, गाडी सुटून राहिली."

"गाडी उद्या बी येते बे."

"इंटरव्ह्यू नाही येत," मी म्हटलं आणि सायकल सोडली. ताईचं लक्षच नव्हतं. मांडीवर सर्टिफिकेटांची पिशवी आणि तोंडानं पाठांतर. "राष्ट्रीय पक्षी, मोर... मध्य प्रदेश की जीवनरेखा, नर्मदा..."

पहिलं वळण मस्त गेलं. पुढं उतार वाढला, मी ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकाचा रबर टप्पकन उडून मुरमात पडला. मागचा दाबला... जळका वास आला, लिव्हर पार हँडलला टेकलं. संपलं. चाळीस पावलांवर मधलं वळण.

एक पाय जमिनीवर टेकवला तर चप्पल निघून गेली, टाच सोलली. मागं ताईची नर्मदा अजून वाहतच होती. तिला सांगावं तर ती उडी मारेल आणि गोट्यांवर आपटेल. नाही सांगितलं. एवढंच डोक्यात आलं की आपण हिला नोकरीला नाही, नाल्यात घेऊन चाललोय.

आणि तेव्हा सायकल जड झाली.

एकदम नाही हं. मागून कोणी हळूच ओढ धरावी तशी. आणि आवाज — खर्रर्र... खर्रर्र... हा आवाज तिथल्या शेंबड्या पोरालाही ओळखू येईल. मुरमावरून फांदी घसटल्याचा आवाज. वेग उतरला. मधलं वळण मी असं घेतलं की आजही आठवून अंगावर काटा येतो आणि हसूही येतं... नाल्याच्या कडेवरून हातभर अंतर ठेवून, बैलगाडीच्या चालीनं. मागं वळून बघायची सोय नव्हती. मला वाटलं चेन अडकली, टायर बसला, ताईचा पदर गुंतला. काय वाटेल ते वाटो, आम्ही जिवंत होतो, आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

मोहाच्या झाडापाशी सायकल आपोआप थांबली. मी उतरून पुढच्या चाकापाशी बसलो, ब्रेक बघायला. ताई कॅरिअरवर बसूनच, पुढं तोंड करून. तिनं विचारलं, "झालं का रे?" मी उत्तर दिलं नाही, ब्रेकमध्ये बोट घालून बघत होतो. तरी ती म्हणाली, "मग चाल ना लवकर."

सपाटीवर मी जीव खाऊन पॅडल मारलं. शिट्टी झाली होती. ताई पळत सुटली आणि चालत्या डब्यात चढली. पिशवी मी खिडकीतून दिली.

परत जाताना सायकल ढकलत वर निघालो आणि मोहापाशीच पाय थबकले. आमच्या चाकाच्या रेषेवरून झाडू फिरवल्यासारखा हातभर रुंद पट्टा वर गेला होता. पानांच्या, डहाळ्यांच्या खुणा स्पष्ट. मी पट्ट्याबरोबर चढलो. मधल्या वळणाच्या वर जाऊन तो संपला. त्याच्या तोंडाशी माझ्या ब्रेकचा रबर पडला होता. त्याच्या वर फक्त चाकाची रेष.

वर मंगलूबाबा उकिडवे बसले होते. समोर ती फांदी. सकाळची हिरवीगार फांदी एका बाजूनं पार झिजलेली, साल निघालेली, पानं फाटलेली आणि त्यात लाल मुरूम भरलेला.

"शेळ्यांनी खाल्ली असेल," मी म्हटलं. शेवटी मास्तरांचा मुलगा ना.

"शेळी मुरूम लावते काय फांदीले?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी इथून हललो नाही. माह्या पायापाशीच पडून होती. कोणी खाली गेलं नाही, कोणी वर आलं नाही." मग म्हणाले, "पोरगी पोचली?"

"पोचली."

"मग ही खाली गेलेली फांदी हाय. इथं नोको. नेऊन टाक मोहापाशी." त्यांचा आवाज कापत होता, आणि खरं सांगतो, मला सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली. मी ती हातानं ओढत पायी खाली नेली. घरी कोणालाच काही बोललो नाही. ब्रेकचं कळलं असतं तर बाबांनी सायकल बंद केली असती.

ताईला नोकरी लागली. ते लग्न मोडलं, पुढं तिनं स्वतःच्या पसंतीनं केलं. आता हेडमास्तरीण होऊन रिटायर झाली, इथंच पांढुर्ण्याला माझ्या शेजारच्या गल्लीत राहते. मागच्या हिवाळ्यात तिच्या मुलानं डिस्क ब्रेकची माउंटन बाईक आणली आणि मामाला ब्रेक शिकवायला लागला. मला राहवलं नाही. स्लीपरच्या ब्रेकपासून सगळं सांगून टाकलं. भाचा पोट धरून हसत होता.

ताई हसली नाही. म्हणाली, "फांदी नव्हती कशी? पहिल्या वळणापुढं मी आधाराला मागं हात टाकला त दोरी लागली. मले वाटलं निघताना मंगलूबाबानं बांधली. गाठ हाताले रुतून राहिली होती. फांदी हाय म्हणूनच त मी निवांत पाठ करत बसली."

मग तिनं विचारलं, "मोहापाशी तू कुठं होता?"

"पुढच्या चाकापाशी. ब्रेक बघत होतो."

तिनं स्वतःचा तळहात उघडून बघितला.

"मी 'झालं का रे' विचारलं," ती म्हणाली, "तेव्हा मागं गाठ सुटून राहिली होती, मले वाटलं तूच सोडून राहिला. कॅरिअर हललं. आन् माह्या पाठीमागून 'हो' आला."