तालमीपुरता सूत्रसंचालक

डेल्मार प्रुइटने आयुष्यात जेवढ्या मोटारगाड्या लोकांना दिल्या, तेवढ्या बरबँकमधल्या एकाही विक्रेत्याने विकल्या नसतील. फरक इतकाच, की डेल्मारने दिलेली गाडी कोणी घरी नेली नाही. दुपारपर्यंत ती परत आपल्या जागी, फिरत्या चबुतऱ्यावर उभी असायची.

'तीन किल्ल्या' हा खेळ अमेरिकेतल्या घराघरांत संध्याकाळी दिसायचा. प्रश्नाचं उत्तर द्या, किल्ली मिळवा, किल्ली लागली तर गाडी तुमची. पण त्या खऱ्या खेळाच्या आधी रोज सकाळी स्टुडिओत एक खोटा खेळ व्हायचा. कॅमेरेवाल्याला कुठे वळायचं ते कळावं, दिवेवाल्याला कोणाच्या टकलावर उजेड फार पडतो ते दिसावं, म्हणून. खोट्या खेळात स्पर्धक म्हणून हिशेब खात्यातली डॉटी बसायची, एखादा सुतार बसायचा. ते फ्रीज जिंकायचे, किंचाळायचे, एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि मग आपापल्या कामाला जायचे. आणि या खोट्या खेळाचा सूत्रसंचालक होता डेल्मार. खरा सूत्रसंचालक ग्रँट हॉलिस्टर त्या वेळी आपल्या खोलीत तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलेला असायचा.

प्रेक्षक आत सोडले, की ग्रँट टाळ्यांच्या कडकडाटात धावत बाहेर यायचा आणि डेल्मार पडद्यामागे जायचा. प्रेक्षकांना तो कधी दिसला नाही. दिसला असता तरी पडदा ओढणारा माणूस वाटला असता.

डेल्मार मूळचा नेब्रास्कातल्या कार्नी गावचा. तिथल्या रेडिओवर तो डुकरांचे बाजारभाव वाचायचा, आणि असे मायेने वाचायचा की ऐकणाऱ्याला डुक्कर विकावंसं वाटू नये. त्या आवाजाच्या भरवशावर तो ऐन तारुण्यात कॅलिफोर्नियाला आला. इच्छा एकच: एकदा, फक्त एकदा, खरे प्रेक्षक समोर असताना, खऱ्या बाईला, खरी गाडी द्यायची. ही इच्छा स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होती. सिनेमा-टीव्हीच्या या बरबँक गावात असल्या गोष्टी कोणी लपवत नाही. तिथे दाढ उपटणारा डॉक्टरसुद्धा तोंडात चिमटा असताना आपल्या सिनेमाची कथा सांगतो.

आता पन्नाशी उलटली तरी डेल्मार तालमीतच होता. पण तालमीत मात्र तो राजा होता, आणि ते एका खेळामुळे. तो खेळ सुरू केला मंचावरची सगळी व्यवस्था बघणाऱ्या फ्लोअर मॅनेजर ऑझी ट्रुहियोने. ऑझी म्हणजे एक पोट, त्याला बांधलेला पट्टा आणि कानाला लावलेलं यंत्र. रोज तालमीच्या आधी तो ओरडायचा, "डेल्मार, आज ग्रँटच्या जागी कोण?"

चहूकडून फर्माइशी यायच्या. "प्रेतं पुरणारा!" "वैमानिक!" "गाडीच्या लायसन्सच्या कचेरीतली बाई!"

डेल्मार डोळे मिटायचा आणि उघडायचा, तेव्हा डेल्मार तिथे नसायचा. प्रेतं पुरणारा हात जोडून डॉटीजवळ यायचा आणि हळुवारपणे म्हणायचा, "मॅडम, उत्तर गेलं. फार चांगलं उत्तर होतं. शेवटपर्यंत त्याला काही त्रास झाला नाही." वैमानिक घशातल्या घशात बोलायचा, "आपल्या उजव्या हाताला फ्रीज दिसत आहे. हवामानामुळे गाडी मिळायला थोडा उशीर होईल. सहकार्याबद्दल आभार." लायसन्सच्या कचेरीतली बाई तर स्पर्धकाकडे बघायचीच नाही. "उत्तर बरोबर आहे, पण ही ती खिडकी नाही. पुढचा!"

एकदा कोणीतरी ओरडलं, "घटस्फोट झालेला नवरा!" तेव्हा डेल्मारने डॉटीच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हटलं, "घे. गाडीपण घे. घर घेतलंस, कुत्रा घेतलास, ही तरी कशाला ठेवतेस?" डॉटी खुर्चीवरून घसरली. कॅमेरा हलला, म्हणून कॅमेरेवाल्याने शिव्या खाल्ल्या, पण त्या खातानाही तो हसत होता.

थोडक्यात, या खेळाला कोणाकोणाचं सूत्रसंचालन शोभेल, याची कल्पना करण्यात त्या स्टुडिओने अर्धं आयुष्य घालवलं. डेल्मारने माणसांच्या सगळ्या जाती त्या लाकडी मंचावर उभ्या केल्या. एक माणूस कोणाच्या डोक्यात आला नाही. तो खुद्द डेल्मारच्याही डोक्यात आला नाही, हे विशेष.

मग ग्रँट हॉलिस्टरचे गुडघे गेले. टाळ्यांच्या कडकडाटात धावत येणं जमेना. चालत आला तर टाळ्या मध्येच संपायच्या आणि उरलेलं अंतर त्याला शांततेत कापावं लागायचं. त्याने निवृत्ती जाहीर केली, केक कापला, आणि निर्माती लोरेन कासाबियन नव्या माणसाच्या शोधाला लागली.

लोरेन ही बुटकी, करारी बाई. सतत पिस्ते खायची आणि टरफलं हाताला लागेल त्याच्या कॉफीच्या कपात टाकायची. तिने उमेदवार आणायला सुरुवात केली. पहिला आला हवामान सांगणारा काइल सोरेन्सन. दात असे, की बोलण्याची गरजच नव्हती. मात्र सवयीने तो दर वाक्याला डावीकडे हात करायचा, आणि डावीकडे बिचारी डॉटी उभी असायची. दुसरा मालिकेत सर्जनचं काम करणारा. त्याला साधा प्रश्न विचारता येत नव्हता. तो असा आवाज खाली आणायचा, की स्पर्धकाला वाटावं घरचं कोणीतरी गेलं. तिसरा निवृत्त बेसबॉलवाला. त्याने किल्ली दिली नाही, फेकली.

आणि या सगळ्यांना शिकवायला कोण? डेल्मार. "उत्तर चुकलं की लगेच बोलू नका, एक श्वास थांबा." "गाडीकडे बघू नका, बाईकडे बघा. गाडी कुठे जात नाही." तो मनापासून शिकवायचा. प्रत्येक उमेदवार निघताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "अरे, तू इतका छान करतोस, तूच का नाही होत?" हॉटेलात वाढप्याला विचारतात ना, तू स्वतःचं हॉटेल का काढत नाहीस, त्याच सुरात.

शेवटी ऑझीच लोरेनकडे गेला.

"लोरेन, एकदा डेल्मारला बघ ना."

"डेल्मारला? कोण म्हणून?"

"डेल्मार म्हणून."

लोरेनने पिस्ता फोडला, खाल्ला, टरफल ऑझीच्या कपात टाकलं. ही कल्पना तिला नवी होती. मग तिने डेल्मारला बोलावून घेतलं. "गुरुवारी, जेवणानंतर. सगळे दिवे, सगळे कॅमेरे, टेप चालू. चॅनेलच्या लोकांना ती टेप दाखवीन. पण एक ऐक. नकला नकोत. प्रेतवाला नको, वैमानिक नको. तू. फक्त तू."

"मीच," डेल्मार म्हणाला. बाहेर आल्यावर ऑझीने त्याला पोटाशी धरलं. ती मिठी कमी आणि धडक जास्त होती.

घरी येताना गाडीत डेल्मारने तालीम सुरू केली. "नमस्कार मंडळी!" हा ग्रँट झाला. "नमस्कार मंडळी." हा तो सर्जन. हमरस्त्यावर शेजारच्या गाडीतली बाई त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं, हा एकटाच बसून भांडतोय. घरी पोचेपर्यंत त्याने पुष्कळ माणसं गोळा केली होती, आणि त्यांतला एकही तो स्वतः नव्हता.

रोडा, त्याची बायको, स्वयंपाकघरात टूना माशाचे डबे उघडत होती.

"रोडा, मी बोलतो कसा?"

"कोणाशी?"

"म्हणजे असाच. मी. माझं बोलणं."

रोडाने विचार केला. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. उघड्या तोंडांपुढे विचार करायची सवय होती. "खाटकाशी तू खाटकासारखा बोलतोस. माझ्या भावाशी बोलताना माझ्या भावासारखा. तो गेल्यावर तासभर उतरत नाही. पोलिसाने अडवलं होतं तेव्हा तू त्याच्याच आवाजात त्याला सॉरी म्हणालास. दुप्पट दंड झाला."

"आणि तुझ्याशी?"

"माझ्याशी तू टीव्ही बघतोस."

त्या रात्री त्याने टीव्ही लावला नाही, आणि दोघांनाही फार अवघडल्यासारखं झालं.

गुरुवारी तो मंचावर आला. धावत आला नाही. चालत आला, मध्यभागी थांबला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नमस्कार. माझं नाव डेल्मार प्रुइट. तुम्ही आलात, बरं वाटलं."

कॅमेऱ्यामागून कोणीतरी नाकातून हसलं.

डेल्मारने डॉटीकडे बघितलं. तिला तो कित्येक वर्षं ओळखत होता. "डॉटी, तुझ्या बहिणीचं ऑपरेशन कसं झालं?" डॉटी म्हणाली, "झालं बरं," आणि ओठ दाबून धरले. तिचे खांदे हलायला लागले. डेल्मारला वाटलं, बिचारीला भरून आलं. त्याने प्रश्न विचारला. उत्तर चुकलं. तो एक श्वास थांबला आणि म्हणाला, "चुकलं. वाईट वाटलं मला. मलाही नसतं आलं."

आता सुतार हसले. दिवेवाला शिडीवर हसला. ऑझीने यंत्र कानातून काढलं आणि तोंडावर धरलं. डेल्मारला त्या हसण्याची ऊब लागली. इतकी वर्षं पडद्यामागून ऐकलेली ऊब, आज समोरून. मंडळी खूश आहेत, आपण आवडतोय, मीच आवडतोय! त्याला धीर आला. तो आणखी साधा झाला. आणखी खरा झाला. किल्ली देताना त्याचा हात किंचित कापला, ते त्याने लपवलं नाही. "मला नेहमी वाटायचं," तो म्हणाला, "की ही किल्ली कोणाच्या तरी हातात देताना आपण काहीतरी चांगलं बोलावं. पण आता काही सुचत नाही." यावर डॉटी जमिनीवरच बसली.

टेप थांबली. सगळे मंचावर धावून आले.

"अरे, कोण होता तो?"

"कसला पकडलाय! तो विमावाला ना? दार लावलं तरी पायरीवर उभा राहतो तो?"

"छे, विमावाला नाही. मुख्याध्यापक रजेवर असताना शाळा चालवतो ना, तो उपमुख्याध्यापक!"

"पाद्री आजारी पडला की येतो तो बदली पाद्री!"

"आणि हात काय कापवलास रे! हात!"

लोरेन डोळे पुसत पुढे आली. तिच्या हातातले पिस्ते सांडले होते. "डेल्मार, तू नालायक आहेस. आजपर्यंतचा हा तुझा सगळ्यात भारी माणूस. पण मी काय सांगितलं होतं? नक्कल नको. मला तू हवा होतास." मग तिने विचारलं, "कोण आहे हा? ओळखीतला आहे?"

डेल्मारने सगळ्यांकडे एकदा बघितलं. ऑझीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते प्रेमाचंच होतं. अवघा स्टुडिओ त्याच्यावर प्रेम करत उत्तराची वाट बघत होता. तिथे 'मीच' म्हणायला फार थोडा वेळ लागला असता.

"माझा मावसभाऊ," डेल्मार म्हणाला. "कार्नीला असतो. विमा विकतो."

"बघ! म्हटलं नव्हतं!" दिवेवाला ओरडला.

"बरं, आता तू कर," लोरेन म्हणाली. "टेप लावा रे."

"आज घसा बसलाय," डेल्मार म्हणाला. आणि मावसभावाच्या आवाजात बोललो की काय, अशी त्याला शंका आली. कारण सगळे परत हसले.

काम काइल सोरेन्सनला मिळालं. चॅनेलच्या लोकांना त्याचे दात आवडले. पहिल्या दिवशी काइल गरम टॉवेल घेऊन खोलीत गेला आणि तालमीला ऑझी ओरडला, "डेल्मार, आज काइलच्या जागी कोण?"

"मावसभाऊ!" सगळे एका सुरात ओरडले.

डेल्मारने डोळे मिटले आणि उघडले. "नमस्कार. माझं नाव डेल्मार प्रुइट."

"नावसुद्धा स्वतःचं लावतो, लबाड!" डॉटी किंचाळली.

एवढा हशा झाला की काइल टॉवेलसकट बाहेर आला. दारात उभा राहून त्याने सगळं बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "हा माणूस मला माहीत आहे! प्रत्येक ऑफिसात एक असतो! लोरेन, हे तालमीत कशाला वाया घालवतेस? प्रेक्षक आत आले की माझ्या आधी याला सोड. लोक हसून तयार होतील, मग मी धावत येतो."

लोरेनला पटलं. डेल्मारचा थोडा पगारही वाढला. आणि अशा रीतीने डेल्मार प्रुइट खऱ्या प्रेक्षकांसमोर आला. कॅमेरे बंद असायचे, गाडीवर कापड असायचं. पण माणसं खरी होती. ओहायोहून, टेक्सासहून आलेली, सुट्टीतली, हसायला उतावीळ झालेली. डेल्मार चालत यायचा, आपलं नाव सांगायचा, एखाद्या बाईला तिच्या गुडघ्याचं विचारायचा आणि सगळं सभागृह कोसळायचं. थोड्याच दिवसांत त्याने काही सुधारणा केल्या. हात जरा जास्त कापवला. "मलाही नसतं आलं" याच्या आधीचा श्वास लांबवला. अगदी बारकाईने बसवलं त्याने ते पात्र. प्रेतवाल्यावरही इतकी मेहनत घेतली नव्हती.

एका शुक्रवारी रोडाने दवाखान्यातून रजा काढली आणि ती बघायला आली. डेल्मारने तिला पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली. त्या दिवशी तो फार रंगला. मागच्या रांगेतला एक माणूस इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग काइल धावत आला, आणि डेल्मार पडद्यामागे गेला.

दोघं गाडीतून घरी निघाली. मग डेल्मार म्हणाला, "तू हसली का नाहीस?"

"मला हसू आलं नाही."

"सगळे हसत होते."

"ते तुला ओळखत नाहीत," रोडा म्हणाली. खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं, "बहिणीच्या ऑपरेशनचं डॉटीला खरंच विचारलं होतंस ना? त्या गुरुवारी, पहिल्या टेपला?"

डेल्मारने गाडीचा वेग कमी केला. समोर लाल दिवा होता. तो हिरवा होईपर्यंत तो एकटक त्याच्याकडे बघत राहिला.

"पुढच्या वेळी येशील तेव्हा मागे बस," तो म्हणाला. "पहिल्या रांगेतलं कोणी हसलं नाही ना, की मागचे बिचकतात."