दार न ठेवलेली भिंत

ज्ञानेश्वरीचं माहेर आणि सासर दोन्ही राजापूरच्या आतल्या वाड्यांत, एका डोंगराच्या अल्याड-पल्याड. पण नवरा संदेश पलटणीत, म्हणून सासूला, सोनूबाईला घेऊन ती रत्नागिरीत एका खोलीत राहायची आणि एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात टेबल सांभाळायची. टेबल सांभाळायचं म्हणजे काय, तर येणाऱ्यांना चपला बाहेर काढायला लावायच्या, कॉम्प्युटरवरच्या प्लॅस्टिकच्या खोळी सकाळी काढून संध्याकाळी घालायच्या आणि फोन घ्यायचा. नुसता घ्यायचाच. फोनला कुलूप होतं. क्लासचे मालक देवदत्त सर तसे दिलदार, पोरांना पदरचा चहा पाजणारे, पण फोनची किल्ली त्यांच्या जानव्याला. आंघोळीलासुद्धा तिथंच.

ह्याच फोनवर संदेशचा फोन यायचा.

आता ऐका. दोन हजार एकच्या दिवाळीत संदेशची शांत ठिकाणी बदली ठरली, कुटुंबासाठी क्वार्टर मंजूर झालं. लग्नानंतर प्रथमच दोघं एका घरात राहणार. ज्ञानेश्वरीनं ट्रंक भरली. सोनूबाईनं तिच्यात सांडग्यांचा डबा असा कोंबला की झाकणावर बसून कडी लावावी लागली. आणि डिसेंबरात दिल्लीला संसदेवर हल्ला झाला, सगळं सैन्य सरहद्दीवर जाऊन उभं राहिलं. संदेशची पलटण राजस्थानच्या वाळूत. ट्रंक कॉटखाली गेली. निघताना तो फोनवर एवढंच म्हणाला, "फोनपाशीच राहा. लाईन कधी मिळेल सांगता येत नाही."

ती राहिली. क्लासला सुट्टी असली तरी सरांकडून दाराची किल्ली मागून येऊन बसायची. शिमग्याला गावची पालखी घरोघर नाचून गेली, हिच्या हातून देवीची ओटी भरायची राहिली. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, ही अक्षता टाकून आल्या पावली परत. फोन यायचा तेव्हा तरी काय, "बरा आहे. जेवलो. आईला सांग." की तुटला. तिकडे नक्की काय चाललंय, हे तिला कोण सांगणार?

ते सांगायला, तिच्या मते, कॉम्प्युटर होता. क्लास सुटला की कॉलेजची पोरं लढाईचा गेम लावायची. स्ट्रॅटेजी गेम म्हणे. वरून खाली बघायचं, माऊसनं सैनिक निवडायचे आणि धाडायचे. त्यात एक वाळवंट होतं. पोरं म्हणायची, वहिनी, एकदम खऱ्यासारखा आहे बघा. झालं, ही बाई खुर्ची ओढून बसायला लागली.

बघते तर काय, प्रत्येक सैनिकाच्या डोक्यावर हिरवी पट्टी. गोळी लागली की पट्टी आखडायची, लाल व्हायची, पण तो पठ्ठ्या तेवढ्याच जोरात लढायचा. लंगडणं नाही, मागं बघणं नाही. पट्टी संपली की आडवा, आणि जरा वेळानं जमीन साफ. पोरगा बराकीवर टिचकी मारायचा की दुसरा हजर. पहिल्या दिवशी ती रात्री जेवली नाही. एकदा सोनूबाई सुनेला बोलवायला आली, तिनंही डोळे बारीक करून पाहिलं.

"गो, ह्यांना वाढतं कोण?"

कोणीच नाही, म्हटल्यावर म्हातारीनं कपाळावर हात मारला आणि हे सगळं खोटं आहे असा निकाल देऊन निघून गेली. ज्ञानेश्वरीचा मात्र विश्वास बसलेला. फोनवर तिनं संदेशला विचारलं, रणगाडा आला तर झाडामागं जाता ना? तो हसला. इथं झाड कुठलं, म्हणाला, आणि लाईन गेली.

मग ती स्वतःच खेळायला लागली. तिला जिंकायचं नव्हतं. एकही पट्टी लाल होऊ द्यायची नव्हती, बस. पण शत्रू कॉम्प्युटरचा, तो थोडाच ऐकतो? पुन्हा पुन्हा माणसं मेली. शेवटी तिला युक्ती सापडली. सगळे सैनिक एका जागी उभे करायचे आणि भोवती भिंत बांधून घ्यायची. सलग, दार न ठेवता. शत्रू यायचा, आत जायची वाट शोधत भिंतीभोवती फिरत बसायचा. आतले सुखरूप. पोरं म्हणायची, वहिनी, ही लढाई नाही, हे गोदाम झालं. म्हणू देत. सकाळी खोळ काढली की आधी तो गेम उघडून पट्ट्या हिरव्या आहेत ना बघायच्या, मग देवाची उदबत्ती.

दोन हजार दोनच्या दिवाळीला सैन्य मागं घ्यायचं ठरलं आणि संदेश सुट्टीवर आला. काळा पडलेला, बोलणं आणखी कमी. ती त्याला क्लासात घेऊन गेली. देवदत्त सरांनी खुर्ची दिली. पोरांनी आधी त्यांची लढाई दाखवली. तो गालात हसत बघत होता. ही माणसं खाजवत नाहीत, पत्राची वाट बघत नाहीत, अर्धमेला माणूस असा पळत नाही, असं काहीबाही सांगत होता. मग तिनं आपली भिंत उघडली.

तो पडद्याजवळ वाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "हे मात्र खरं आहे. असंच. हातात बंदूक, लढाई होत नाही आणि हलायचंही नाही." मग बोट ठेवून विचारलं, "ह्यांना बाहेर काढायचं कसं?"

"दार ठेवलेलंच नाही."

"का?"

"मला तरी दार कुठं ठेवलंत तुम्ही?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "फोनपाशी राहा म्हणालात. राहिले."

देवदत्त सरांना एकदम चहाची आठवण झाली आणि पोरांना घराची.

दुसऱ्या दिवशी संदेशनं तिची रजा मागितली आणि दोघं एसटी बदलत वेळणेश्वरला गेली. दर्शन घेऊन दोघं किनाऱ्यावर आली. मागं देवळात कुणीतरी घंटा वाजवली आणि चालता चालता ज्ञानेश्वरीचा हात फोन उचलायला पुढं गेला. तिचं तिलाच हसू आलं. सांगावं म्हणून वळली, तर संदेश मागंच राहिलेला. एवढी मोकळी वाळूची पुळण, आणि हा बुवा कुणाच्या तरी जुन्या पावलांत नेमका पाय ठेवत, खाली बघत येत होता.

तिनं विचारलं तेव्हा तो ओशाळला. तिकडे सुरुंग पेरलेले, पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवायची सवय लागली, म्हणाला.

ज्ञानेश्वरीनं त्याचा हात धरला आणि आपला पाय बाजूला, कोऱ्या वाळूत टाकला. तो जागच्या जागी थांबला. तिनं ओढलं नाही. हात धरून तशीच उभी राहिली. वाट बघायची तिला सवय होतीच.